ताबा

पहाटेचे पाच वाजून वीस मिनिटं झाली होती. जुलै म्हणजे आमच्या ग्वाल्हेरला कूलर लावला तर अंग चिकट आणि बंद केला तर जीव कासावीस. सामना अमेरिकेत कुठंतरी चालला होता. हंगामाआधीचा, मैत्रीपूर्ण म्हणतात तसला. त्याचा निकाल ऑगस्ट उजाडेपर्यंत कुणाच्या लक्षात राहत नाही, आणि तरी त्याच्यासाठी मी साडेचारचा गजर लावतो. आवाज अगदी बारीक ठेवला होता, पण आत्याला तसंही गजर लागत नाही. वय एक्याऐंशी. आंघोळ उरकून, ओल्या केसांना पंचा बांधून, आल्याच्या चहाचा कप बशीवर धरून ती शेजारच्या वेताच्या खुर्चीत येऊन बसली. फुटबॉलमधलं तिला काही कळत नाही आणि कळून घ्यायची इच्छाही नाही. या खोलीत इन्व्हर्टरचा पंखा आहे, म्हणून ती बसते. पडद्यावर आमच्या मँचेस्टर युनायटेडचे बचावपटू आपल्याच गोलपुढं चेंडू एकमेकांना देत होते. डावीकडून मधे, मधून उजवीकडे, उजवीकडून गोलकीपरकडे, तिथून पुन्हा डावीकडे. मी मनातून खूश होतो. शांत, स्वच्छ, घाई नसलेला खेळ. आणि आत्या म्हणाली, "काय रे, हे मघापासून स्थायीतच घोळतायत. अंतरा कधी घेणार?"

स्थायी म्हणजे बंदिशीचा पहिला भाग, अंतरा म्हणजे दुसरा, वरच्या 'सा'कडे, तार षड्जाकडे चढणारा. मी हसलो. हसायलाच हवं होतं. पण ते वाक्य मग आठवडाभर चपलेतल्या खड्यासारखं टोचत राहिलं.

आत्याविषयी एवढंच सांगतो की ती मुलींच्या शाळेत तीस वर्षं गाणं शिकवत होती आणि स्वतः शिकली ती इथलीच गायकी. आमच्याकडे आधी स्थायी-अंतरा पुरता मांडायचा, बंदिशीचा चेहरा ऐकणाऱ्याला नीट दाखवायचा आणि मग विस्ताराला हात घालायचा. लयही फार रेंगाळलेली नको. अर्धी बंदिश सांगून तासभर आलापात बुडून राहणाऱ्यांबद्दल तिचं मत घरात सगळ्यांना पाठ आहे. त्या पहाटे गंमत अशी झाली की बोलून झाल्यावरही तिचा उजवा हात मांडीवर चालूच राहिला. मी टीव्हीवरून नजर काढून तिच्या बोटांकडे पाहायला लागलो. एका पासाला एक मात्रा. अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत होता, करंगळीच्या मुळापासून सुरुवात, एकेका पेरावर थांबत. खालीच्या, म्हणजे टाळी न देण्याच्या, मात्रेला तळवा उताणा, पुन्हा पालथा. सोळा मात्रा भरल्या तेव्हा चेंडू बरोबर गोलकीपरच्या पायाशी आला. "आला समेवर," ती म्हणाली, "पण रिकामाच." आणि बशीत चहा ओतला.

हे मी कुणाला सांगायला नको होतं. पण रविवारी सकाळी फूलबागेजवळच्या टपरीवर आमचं चौघांचं टोळकं जमतं. मी, बँकेतला एक जुना मित्र, औषधाचं दुकान असलेला एक आणि माझा पुतण्या. पुतण्या इथल्याच लक्ष्मीबाई शारीरिक शिक्षण संस्थेत शिकतो. १८५७ च्या शताब्दीला, १९५७ साली निघालेली ती संस्था. त्यामुळे आमच्यात तोच एक अधिकृत जाणकार. बाकीचे आम्ही बेडईबरोबर, म्हणजे इथल्या डाळ भरलेल्या पुरीबरोबर, मतं खाणारे. हंगामापूर्वीचे दिवस म्हणजे आमचा खरा सुगीचा काळ. गुण नाहीत, तक्ता नाही, कुणी हरलेलं नाही, म्हणून प्रत्येकाचं बरोबर. नवा खेळाडू वीस मिनिटं खेळला की त्याच्यावर दोन तास चर्चा. त्या रविवारी विषय तोच होता, जो गेली कित्येक वर्षं दर जुलैत असतो: चेंडू जवळ ठेवून खेळायचं की मिळाला की सरळ गोलकडे सुटायचं. मी आत्याचा किस्सा सांगितला आणि पुतण्याला आयतं कोलीत मिळालं. टपरीवाल्यालासुद्धा आता तो शब्द पाठ झालाय. चहाला उशीर झाला की आमच्यापैकी कुणीतरी ओरडतं, "भैया, अंतरा कब?"

ताब्याच्या बाजूनं मी एकटाच. म्हणून थोडं सविस्तर लिहितो. तिथं टपरीवर मला कुणी पुरं बोलू देत नाही. आपल्याच गोलपुढं चेंडू फिरवणं हा भित्रेपणा नसतो, ते आमिष असतं. समोरच्यांनी तो हिसकावायला धावत यावं, त्यांची ओळ मोडावी, त्यांच्या मागं जागा पडावी आणि त्या जागेत आपला माणूस मोकळा सापडावा, एवढ्यासाठी तो सगळा खटाटोप. त्याला खेळाच्या नियमांनीच हळूहळू भाग पाडलंय. १९९२ साली गोलकीपरला आपल्या माणसानं पायानं दिलेला चेंडू हातात घ्यायची बंदी झाली आणि गोलकीपरला पाय असतात हे जगाला कळलं. २०१९ मध्ये गोलकिकचा, म्हणजे गोलपुढं चेंडू टेकवून खेळ पुन्हा सुरू करायच्या किकचा, नियम बदलला. आधी चेंडू पेनल्टी क्षेत्राबाहेर गेल्याशिवाय कुणी त्याला शिवायचं नाही. आता किक बसताच चेंडू खेळात, म्हणून बचावपटू गोलकीपरच्या कुशीत उभे राहून तो घेतात. आमचा औषधवाला दर वेळी तिथंच डोक्याला हात लावतो. "अरे घर का दरवाजा खोल के बैठे हो," म्हणतो. मी म्हणतो, दार उघडं ठेवल्याशिवाय पाहुणा आत कसा येणार आणि परसदार मोकळं कसं मिळणार? हे वाक्य मला अजूनही आवडतं. टपरीवर मात्र त्याच्यावर कुणी दाद दिली नाही.

खरं तर मी मुळात ताब्याचा नव्हे. मी १९९९ चा. २६ मेची ती रात्र, चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना. इथं मध्यरात्र उलटून गेलेली, गच्चीवर खाटा, शेजाऱ्यांच्या घरातून केबलची वायर ओढून आणलेला छोटा टीव्ही. बायर्न म्युनिक १-० नं पुढं, नव्वद मिनिटं संपलेली. मग आमच्या शेरिंगहॅमचा गोल, आणि आनंद करून होतो न होतो तोच सोल्शारचा. खालून वडील ओरडले, "चोर आले काय रे?" त्या सामन्यात बघण्यासारखा खेळ आमचा नव्हता, हे आज पुन्हा पाहिलं की कळतं. त्या रात्री मात्र फुटबॉल म्हणजे धावून जाणं, एवढंच मला कळलं होतं. त्यानंतर दहा वर्षांनी रोमला बार्सिलोनाशी अंतिम सामना. पहिली काही मिनिटं आमचीच, रोनाल्डो गोलवर मारतोय. दहाव्या मिनिटाला एटोचा गोल झाला, आणि तिथून पुढं आम्हाला चेंडू दिसलाच नाही म्हटलं तरी चालेल. २-०. दोन वर्षांनी वेम्बलीत पुन्हा तेच बार्सिलोना, ३-१. मी युनायटेडचा आणि मी दुःखी व्हायला हवं होतं. पण शावी, इनिएस्ता आणि मेस्सी तो चेंडू असा फिरवत होते की माझं लक्ष आपल्या माणसांवरून उडून त्यांच्याकडेच गेलं. हे टपरीवर कबूल करायला मला फार वर्षं लागली. ज्यानं आपल्याला घरात घुसून मारलं त्याच्याच हाताच्या सफाईवर आपण भाळलो, असं काहीसं.

म्हणून २०१४ मध्ये व्हान हाल प्रशिक्षक म्हणून आमच्याकडे आला तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मला झाला. बार्सिलोनाला राहिलेला माणूस, त्याच्याच हाताखाली शावी पहिल्यांदा मैदानात उतरलेला. आणि काय तो उन्हाळा! अमेरिकेत पहिल्याच सामन्यात लॉस एंजेलिस गॅलक्सीला ७-०. मग मिशिगनच्या त्या अवाढव्य मैदानात १,०९,३१८ प्रेक्षकांसमोर रिआल माद्रिदला ३-१. मग लिव्हरपूललाही ३-१. मी इथल्या महाराज बाड्याच्या फुटपाथवरून त्या वर्षीची लाल जर्शी घेतली, दोन धुण्यांत ती गुलाबी झाली. ऑगस्टच्या सोळा तारखेला हंगाम सुरू झाला आणि आपल्याच मैदानावर स्वॉन्झीनं २-१ नं हरवलं. दहा दिवसांनी खालच्या श्रेणीतल्या एमके डॉन्सनं ४-०. जुलैतलं काही खरं मानायचं नाही, हा धडा तेव्हाच घ्यायला हवा होता. नाही घेतला. पुढच्या हंगामात आम्ही चेंडू ठेवला, खूप ठेवला, आणि अडतीस सामन्यांत एकोणपन्नास गोल केले. प्रेक्षक स्वतःच्या संघाला 'अटॅक, अटॅक' म्हणून ओरडत होते. मी घरी टीव्हीपुढं एकटा त्यांना सांगत होतो, थांबा जरा, येतंय. मे महिन्यात एफए कप आला आणि दोनच दिवसांनी साहेबांना नारळ मिळाला.

पुतण्या हे सगळं ऐकून घेतो आणि मग शांतपणे आपले पत्ते टाकतो. २०१८ चा विश्वचषक, मॉस्को, स्पेन विरुद्ध रशिया: हजाराहून जास्त पास, निकाल १-१, पेनल्टीवर घरी. २०२२ चा विश्वचषक, स्पेन विरुद्ध मोरोक्को: स्पेनचे पुन्हा हजार पास, ०-०, आणि पेनल्टीत एकही गोल नाही. आणि २०२४ ला तेच स्पेन कडेनं दोन पोरं सोडून धावायला लागलं. पहिल्याच सामन्यात क्रोएशियाला ३-० हरवलं तेव्हा ताबा जास्त क्रोएशियाकडे होता, आणि शेवटी युरो कप कुणी नेला, काका? मी म्हणालो, हजार पास येत होते म्हणूनच दोन पोरांना सोडता आलं. तो म्हणाला, "काका, खरं सांगू? तुम्हाला जिंकायचंच नसतं. तुम्हाला फक्त हरायचं नसतं."

बँकवाला मित्र बेडई चावायचा थांबला.

मी पैसे दिले आणि स्कूटर काढली. घराकडे जाताना कॅप्टन रूपसिंह स्टेडियमवरून रस्ता जातो. या स्टेडियमचं मला नेहमी हसू येतं आणि वाईटही वाटतं. मूळचं हॉकीचं मैदान, नाव हॉकीपटूचं. ध्यानचंदांचा हा धाकटा भाऊ शिंदे सरकारांच्या चाकरीत इथं आला आणि १९७७ मध्ये इथंच गेला. आणि आज देशात कुणालाही विचारा, सांगतील की सचिननं तिथं दोनशे केले, २४ फेब्रुवारी २०१० ला. वडील सांगत की त्यांनी रूपसिंहांना पाहिलंय. खेळताना की नुसतं रस्त्यात, हे मात्र दर वेळी बदलायचं. १९३२ च्या लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेविरुद्ध चोवीस गोल, त्यातले दहा एकट्या रूपसिंहांचे, हा आकडा मात्र कधी बदलला नाही. आमच्या लहानपणी या गावात जो वाद हॉकीचा होता तोच आज फुटबॉलचा आहे: काठीला चेंडू चिकटवून तीन माणसांना चकवायचं, की लांब फटका मारून धावायचं. १९७६ ला मॉन्ट्रियलमध्ये कृत्रिम हिरवळ अंथरली आणि आपण सातवे आलो. वडिलांच्या मते गवत गेलं तिथंच वाद संपला. काठीचं कसब तेवढंच राहिलं होतं, पायाखालची जमीन तेवढी दुसऱ्यांची झाली. वडील बोलताना नेहमी 'कसब' म्हणायचे, 'गोल' क्वचितच. आज हे लिहिताना लक्षात येतंय.

आता ज्या गोष्टीकडे मी मघापासून यायचं टाळतोय ती.

गावातल्या लश्कर भागात, चिटणीसांची गोठ म्हणतात त्या वस्तीच्या बाजूला आमचा जुना वाडा आहे. वडील जाऊन नऊ वर्षं झाली. वाड्याचं काय करायचं याचा निर्णय तेव्हापासून तिघां भावांत फिरतोय. पुण्याचा म्हणतो, भोपाळच्याला विचार, त्याला तिथले भाव माहीत आहेत. भोपाळचा म्हणतो, दादा म्हणेल तसं. दादा म्हणजे मी. मी म्हणतो, पावसाळा जाऊ दे. मग दिवाळी येते, मग कुणाच्या तरी मुलाची परीक्षा. मधल्या काळात दिंडीजवळची भिंत पोटाशी फुगली, माजघराच्या सरातून भुसा गळायला लागला, खालच्या दोन खोल्यांत एक भाडेकरू आहे तो भाडंही वेळेवर देत नाही आणि जातही नाही. वकिलाकडे गेलो तेव्हा त्यानं चष्मा काढून एकच गोष्ट तीनदा सांगितली: "साहेब, कागद होत राहतील. कब्जा मत छोड़ना. ताबा आपला पाहिजे." मी घरी येऊन आत्याला मोठ्या समाधानानं सांगितलं होतं की ताबा आपलाच आहे. दर शनिवारी मी जातो, वरच्या मजल्याचं कुलूप काढतो, खिडक्या उघडतो, वटवाघळांचा वास बाहेर जाऊ देतो, तासभर बसतो, खिडक्या लावतो, कुलूप घालतो. डावीकडून मधे, मधून उजवीकडे.

आत्याचं माहेर आहे ते. वरच्या मजल्यावरची पूर्वेची खोली तिच्या रियाजाची. तिनं कधी विचारलं नाही की वाड्याचं काय झालं. या नऊ वर्षांत एकदाही नाही.

म्हणून सोमवारी मी तिलाच गाठलं. वाड्याचं नाही काढलं. तेवढी हिंमत नव्हती. गाण्यावरून सुरू केलं, म्हटलं, "आत्या, इंदूरचे अमीर खाँसाहेब कित्येकदा अंतरा घेतच नसत विलंबितात. नुसती स्थायी, आणि झुमरा तालात कुठल्या कुठं घेऊन जायचे. त्यांना काय म्हणशील?" मला वाटलं होतं, इंदूरचं नाव काढलं की ती नाक मुरडेल. ती तांदूळ निवडत होती. बोटानं एक खडा बाजूला सारून म्हणाली, "त्यांना नाही लागायचा अंतरा. त्यांच्या स्थायीत प्रत्येक सुरागणिक काहीतरी उघडत जायचं. ऐकणाऱ्याला कळायचं की हा माणूस निघालाय कुठंतरी." मग ताट हलवून तांदूळ एका कडेला घेतले. "तुझे ते चौघे कुठं निघाले होते?" मी म्हटलं, ते वाट बघत होते, समोरचे पुढं यायची. "आणि ते आलेच नाहीत तर?"

याचं उत्तर माझ्याकडे आहे, म्हणजे फुटबॉलमधलं. समोरचे येत नसतील तर एकानं चेंडू घेऊन स्वतःच पुढं चालत सुटायचं. मधल्या बचावपटूनं. कुणीतरी तोंड द्यायला पुढं येईपर्यंत चालायचं. त्यात चेंडू जाऊ शकतो, मागं सगळं मोकळं पडतं आणि गेला तर नाव त्याच्याच माथी. म्हणून फार कमी जण ते करतात. बाकीचे हातानं इशारा करून शेजाऱ्याला देतात. हे मी आत्याला सांगायला लागलो आणि मधेच थांबलो. ती माझ्याकडे बघत नव्हती. तांदळात बघत होती. तिला सगळं कळलं होतं की काहीच नाही, मला सांगता येणार नाही. या बाईनं आयुष्यभर मुलींचे चुकलेले सूर चेहरा न हलवता ऐकलेत.

एक गोष्ट पुतण्याच्याही विरुद्ध नोंदवून ठेवतो, नाहीतर तो हे वाचून शेफारेल. त्याच संध्याकाळी आत्याकडे शिकायला येणारी एक मुलगी आली. तिला स्पर्धेत सात मिनिटं मिळणार आहेत, म्हणून ती स्थायी जेमतेम दोनदा म्हणून अंतऱ्यावर उडी घेते आणि लगेच ताना. आत्यानं तिला चार वेळा थांबवलं. "अगं, अजून घरात कोण कोण आहे ते बघितलं नाहीस आणि निघालीस गावाला?" मुलगी रडकुंडीला आली. मी आतल्या खोलीतून ऐकत होतो आणि मला फार बरं वाटलं, हे कबूल करतो.

रात्री भोपाळला फोन लावला. भाऊ जेवत होता. पाऊस किती झाला, वहिनींचा गुडघा कसा आहे, हे झालं. मग मी म्हटलं की एकजण वाडा बघायला येतोय म्हणतो, येऊ देऊ का? तिकडे ताटात चमचा ठेवल्याचा आवाज झाला. "दादा, पुण्याला विचारलंस?" मी म्हटलं, नाही, विचारणार नाही, तुम्हा दोघांना सांगणार आहे. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आत्याला?"

तिथं मी अडकलो. अजूनही तिथंच आहे.

आज पहाटे पुन्हा सामना होता. उठलो तेव्हा बैठकीत दिवा चालू. तंबोऱ्याची गवसणी काढून नीट घडी घालून खुर्चीच्या पाठीवर टाकलेली. ती गवसणी उतरलेली मी दोन वर्षांत पाहिली नव्हती. मांडीवर आडवा तंबोरा घेऊन आत्या भैरव गुणगुणत होती, कोमल रिषभावर हलकेच झुलत. मी टीव्ही लावला, आवाज पार बंद केला. गोलकीपरनं गोलकिकसाठी चेंडू टेकवला, दोन बचावपटू त्याच्या दोन बाजूंना येऊन उभे राहिले. स्थायी दोनदा झाली. मग तिनं मान किंचित वर केली, श्वास घेतला आणि अंतऱ्याला निघाली. तार षड्जाच्या उंबऱ्यावर आवाज फाटला. तंबोरा एकटाच वाजत राहिला थोडा वेळ.

"नाही लागला," ती म्हणाली, आणि माझ्याकडे वळून, "तुमचं काय झालं?"

"शून्य-शून्य," मी म्हटलं.

"चहा टाक," म्हणाली, आणि पुन्हा जोडीच्या तारांवर बोट ठेवलं.